मुद्दा पहिल्या वाक्यात

११ जानेवारी

आज आमच्या वृद्धाश्रमातल्या घड्याळवाल्या आजोबांना रुग्णालयात नेलं आणि ते माझ्यामुळे झालं असं कुणी म्हणालं नाही पण मला तसंच वाटतंय, आणि घरी येऊन जेवणात लक्ष लागेना म्हणून लेकीची जुनी वही घेऊन बसले आहे. आजोबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून आम्ही सगळे त्यांना तसं म्हणतो. आठवडाभर ते जेवताना खोकत होते, पाणी पिताना ठसका लागायचा, आज सकाळी ताप चढला आणि श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले की अन्नपाणी फुप्फुसात जात होतं, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर मोठ्या सिस्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत. परवाची माझी नोंद काढून वाचून दाखवली. मी लिहिलं होतं, "आजोबा आज लवकर उठले, अंघोळीला नको म्हणत होते पण मग केली, सून भेटायला आली तिने मोजे आणले ते सैल होतात, जेवताना खोकला आला कालही आला होता पाणी पितानाही ठसका लागतो, पडद्याची एक रिंग तुटली आहे, संध्याकाळी टीव्ही पाहिला, आनंदी होते."

डॉक्टरांना सगळ्या मजल्यांवरच्या नोंदी वाचायच्या असतात. त्यांनी माझ्या नोंदीतलं पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं. लवकर उठले, आनंदी होते.

सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पाहिलं होतं. लिहिलंही होतं. पण सापडत नाही."

१२ जानेवारी

ह्यांना सांगितलं. हे बस चालवतात, दिवसभराचा शीण असतो, तरी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, तू बोलतेस तसंच लिहितेस. मध्ये थांबाच नाही. माणसानं उतरायचं कुठे?" मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

सोमवारपासून नवा नियम आहे. काम संपल्यावर प्रत्येक रहिवाशाबद्दल एक परिच्छेद लिहायचा, सिस्टर तो तपासणार. परिच्छेद हा शब्द ऐकूनच मला कोर्टात बोलावल्यासारखं झालं. शाळा नववीत सुटली. त्यानंतर कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री केली, तो बंद पडला तेव्हा इथे आले. माणसांना उठवणं, बसवणं, भरवणं मला जमतं. धुण्याच्या खोलीत बदली मागावी असं मनात आहे. चादरींबद्दल काही लिहावं लागत नाही.

१५ जानेवारी

बदली मागितली नाही. कारण सांगते. म्हणजे आधी तेच सांगायला हवं होतं, की मला शिकवणारं कुणीतरी मिळालं.

वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत बाई राहतात. मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीसेक वर्षं भाषा शिकवली. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर स्वतःचं स्वतः करणारेच राहतात, त्यात बाई सगळ्यांत टापटीप. त्या मला मावशी म्हणत नाहीत. "तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, मी तुला मावशी कशी म्हणू?" म्हणतात, आणि मुली म्हणून हाक मारतात.

आज त्यांचं अंथरूण घालताना माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी ती नोंद दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती वाचली. म्हणाल्या, "हा परिच्छेद नाही. कपाट उघडल्यावर अंगावर पडतं ते सामान आहे." मग म्हणाल्या, काम संपल्यावर येत जा, बस येईपर्यंत शिकवीन.

पहिला धडा लगेच दिला. अंथरूण कसं घालतात ते लिही म्हणाल्या. मी सुरुवात केली, "मी सकाळी लवकर उठून कामावर येते." त्यांनी पेन्सिलीनं त्यावर रेघ मारली. "वाचणाऱ्याला तुझ्या उठण्याशी काय करायचंय? त्याला काय हवंय ते आधी दे. मुद्दा पहिल्या वाक्यात. बाकीची वाक्यं त्याच्या मागे उभी राहतील."

२० जानेवारी

आज कात्री. बाईंनी माझी तीच जुनी नोंद वाक्यावाक्याला कापायला लावली. टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या. "आता वाटण्या कर," म्हणाल्या. शरीराचं एकीकडे, पाहुण्यांचं एकीकडे, खोलीचं एकीकडे.

कारखान्यात आम्ही असंच करायचो. मापाप्रमाणे गठ्ठे, एका गठ्ठ्यात दुसरं माप गेलं की सगळा माल परत. हे मी बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "मग तुला येतंच आहे. फक्त कापडाऐवजी वाक्यं धर."

पडद्याच्या रिंगची चिठ्ठी एकटी उरली. मी ती कुठे ठेवू विचारलं. "सुताराला दे," म्हणाल्या. "डॉक्टरला तिचं काय?"

खोकल्याच्या दोन चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या आणि मला ते दिसलं. काल खोकला, आज खोकला, पाण्याचाही ठसका. एवढ्याच चिठ्ठ्या टेबलावर असत्या तर कुणाच्याही लक्षात आलं असतं.

२४ जानेवारी

आजचा धडा अवघड होता. "आनंदी होते," हे माझं वाक्य बाईंनी पुढे सरकवलं. तुला कसं कळलं विचारलं. मी म्हटलं, हसत होते. "मग हसत होते असं लिही. दिसलं ते तू लिही, अर्थ डॉक्टर काढेल. आनंदी आहे असं लिहिलंस की वाचणारा निर्धास्त होतो आणि पुढे बघत नाही."

शिकवता शिकवता जळका वास आला. किटलीतलं पाणी आटून ती काळी पडली होती. बाई ओशाळल्या. शिकवायला लागलं की त्यांना कशाचं भान राहत नाही, आमच्या शाळेतल्या एक बाईही अशाच होत्या. मी किटली घासून ठेवली.

३० जानेवारी

आजोबा रुग्णालयातच वारले. सून खोली रिकामी करायला आली होती. तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही त्यांचं खूप केलंत. मी नोंदीबद्दल सांगणार होते, पण तिच्या हातात त्यांची अवजारांची पेटी होती आणि ती जड होती, म्हणून मी ती उचलून खाली नेऊन दिली.

४ फेब्रुवारी

आज सिस्टरांनी सगळ्यांसमोर माझा परिच्छेद वाचला. शिंपीण आजींबद्दल होता. "आजींचा डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजला आहे. काल सूज फक्त घोट्याला होती. दाबलं की खड्डा पडतो आणि दुखतं म्हणतात. उजवा पाय ठीक आहे." डॉक्टरांनी वाचून लगेच येऊन पाहिलं, रक्ताची गुठळी निघाली, वेळेवर औषध सुरू झालं. सिस्टर म्हणाल्या, असं लिहा सगळ्यांनी.

धावतच बाईंकडे गेले. त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी कोरा कागद काढला आणि अंथरूण कसं घालतात ते लिही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, ते झालं. त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्याला काय हवंय ते आधी दे," आणि अगदी त्याच शब्दांत सगळा धडा पुन्हा दिला. चांगले शिक्षक उजळणी घेतातच. मी पुन्हा लिहून दाखवलं.

एक मात्र गंमत झाली. त्यांनी स्वतः सांगितलेलं एक वाक्य मी वहीत उतरवलं होतं, त्यावर आज त्यांनीच रेघ मारली आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

१० फेब्रुवारी

रविवार असून कामावर होते. बाईंचा भाचा आला होता. तो लांबच्या शहरात असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दारातून त्यानं "मावशी" म्हणून हाक मारली आणि आम्ही दोघी वळलो. तिघंही हसलो.

जाताना जिन्यात त्यानं मला थांबवलं. म्हणाला, ती फोनवर तेच तेच विचारते, माझ्या आईबद्दल विचारते. त्याची आई, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्याला धीर दिला. वय झालं की एवढं चालायचंच म्हटलं. बाई ठणठणीत आहेत, मला रोज शिकवतात म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही रोज बघता, तुम्ही म्हणता तर ठीकच असेल.

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. बरं वाटलं.

माझ्या नोंदवहीत बाईंचा परिच्छेद सगळ्यांत छोटा असतो. जेवण व्यवस्थित, वाचन केलं, तक्रार नाही. शिकवणी कामाच्या वेळेनंतर असते. तिथलं तिथेच राहावं. एखाद्या बाईनं आपल्याला घरात घेऊन शिकवायचं आणि आपण तिच्या किटलीचं गावभर करायचं, हे बरं दिसत नाही.

१७ फेब्रुवारी

आज गेले तेव्हा बाई स्वेटर घालून, पिशवी काखेला लावून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "घंटा झाली का? मला सातवीचा तास आहे." मी म्हटलं, सातवीत मी एकटीच आहे, चला सुरू करू. त्या हसल्या. मलाही हसू आलं. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मग वाक्याला वाक्य जोडण्याचा धडा सुरू झाला. आधीच्या वाक्यातला एखादा शब्द पुढच्या वाक्यानं हातात धरायचा, म्हणजे वाचणारा हरवत नाही. समजावत असताना मध्येच थांबल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "धाकटे, आई कुठे आहे?"

मी म्हटलं, येतील.

घरी ह्यांना हे सांगितलं. हे जेवायचे थांबले आणि म्हणाले, सिस्टरांना सांगितलंस का? मी म्हटलं, दमल्या असतील हो. हे नेहमीसारखे थट्टेवर गेले नाहीत.

२२ फेब्रुवारी

दुपारचा चहा घेऊन गेले तर बाईंची खोली उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. जिना, बाग, वाचनखोली, सगळं पाहिलं. फाटकापाशी सामानाची गाडी आली होती आणि रखवालदार खोकी मोजत होता. त्याच्या मागून मी बाहेर पडले.

बाई मोठ्या रस्त्याच्या मधोमध होत्या. घरातल्या गाऊनवर, पिशवी काखेला. दोन्ही बाजूंनी गाड्या चालल्या होत्या. एक ट्रक करकचून ब्रेक मारत त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. फुलांच्या दुकानातली बाई धावत गेली आणि त्यांना धरून पलीकडच्या फुटपाथवर घेऊन गेली. मी पोचले तेव्हा बाई तिला शांतपणे सांगत होत्या की शाळेला उशीर होतोय, मुली खोळंबल्या असतील.

मी त्यांना हाताला धरून आणलं. रखवालदाराला वाटलं आम्ही फिरायला गेलो होतो.

आश्रमातल्या कुणी पाहिलं नव्हतं. लिहायचं मलाच होतं. पेन हातात धरून बसले. तळमजल्यावर विसराळू लोकांचा विभाग आहे, त्याचं दार कुलूपबंद असतं. तिथे किटली नाही, कात्री नाही, पुस्तकांचं कपाट नाही, खोलीही एकटीची नाही. मी लिहिलं, "आज हवा चांगली होती म्हणून या रहिवाशांनी सकाळी खिडकीत बसून वाचन केलं, नाश्ता पूर्ण घेतला, दुपारी थोडं बाहेर पाय मोकळे केले तेव्हा थोड्या गोंधळल्यासारख्या वाटल्या, त्यांना सोबत करून आणलं, नवीन उशी हवी आहे, चहा आवडीनं घेतला, प्रसन्न होत्या."

मला आता लिहिता येतं. म्हणून लपवताही येतं.

उद्या सकाळी नोंदवही सिस्टरांकडे जाईल. आज त्या सुट्टीवर आहेत.

२३ फेब्रुवारी

सकाळी कामावर गेले तशी आधी बाईंच्या खोलीत डोकावले. केस विंचरून, चष्मा लावून टेबलाशी बसल्या होत्या. डोळे स्वच्छ होते. कालचं काही आठवत असावं असं वाटलं नाही. म्हणाल्या, काल धडा राहिला, काय लिहिलंस ते दाखव.

नोंदवही माझ्या हातातच होती. मी नाही म्हणू शकले असते. पण रोजच्या सवयीनं हात पुढे झाला. नोंदीत आम्ही नाव लिहीत नाही, वर खोलीचा क्रमांक असतो, तो मी बोटाखाली धरला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता पेन्सिल उचलतील. उचलली नाही.

"हे तू आधी लिहायचीस तसं दिसतंय, पण तसं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुला मुद्दा माहीत नव्हता. इथे लिहिणारीला मुद्दा चांगला माहीत आहे. ती त्याच्यावर पांघरूण घालते आहे."

त्यांनी 'बाहेर' या शब्दावर बोट ठेवलं.

"बाहेर काय झालं होतं?"

मी सांगितलं. रस्ता सांगितला, ट्रक सांगितला, पिशवी सांगितली. बाईंनी मान वळवून खुंटीकडे पाहिलं. पिशवी तिथे होती. बंदाला रस्त्याची धूळ तशीच होती, ती पुसायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग माझ्या बोटाकडे पाहिलं, पण ते हलवायला सांगितलं नाही.

"अशी ती पहिल्यांदाच गेली होती का?"

"बाहेर पहिल्यांदाच. पण बाकीचं महिनाभर चाललंय."

"मग ते लिही. ट्रक पहिल्या वाक्यात. आणि हे 'गोंधळल्यासारख्या वाटल्या' काढ. काय केलं, काय म्हणाली, ते लिही."

मी म्हटलं, "बाई, असं लिहिलं तर तिला खाली नेतील. तिची पुस्तकं जातील. तिचं सगळंच जाईल."

त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली.

"तो वेगळा मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "वेगळ्या परिच्छेदात लिही."

मी तिथेच बसून लिहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी लिहिलेलं असं आहे:

"काल दुपारी या रहिवासी एकट्या मोठ्या रस्त्यावर गेल्या आणि ट्रकखाली येता येता वाचल्या. आपल्याला शाळेत शिकवायला जायचं आहे असं त्या म्हणत होत्या. गेल्या महिनाभरात त्या गॅसवर किटली विसरल्या, त्यांनी झालेला धडा पुन्हा पहिल्यापासून दिला, आणि वारलेली बहीण समजून मला हाक मारली. हे मी आजवर नोंदवलं नव्हतं. त्या वरच्या मजल्यावर एकट्या सुरक्षित नाहीत."

आणि खाली:

"त्यांना रोज कुणाशी तरी पुस्तकांबद्दल बोलायला लागतं. खाली नेलं तरी हे बंद करू नये. पुस्तकांचं कपाट सोबत न्यावं, दाराबाहेर ठेवावं लागलं तरी चालेल."

त्यांना वाचून दाखवू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. "तुला येतं आता," म्हणाल्या.

सिस्टरांनी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्चीत बसल्या. महिनाभर? एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी भाच्याला फोन लावला आणि सगळं सांगून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला. त्याला आता धीर द्यायचा नव्हता, फक्त सांगायचं होतं. मी सांगितलं.

२८ फेब्रुवारी

बाईंना आज खाली नेलं. भाचा आला होता, दोघांनी मिळून सामान बांधलं. बाई आम्हाला काय कुठे ठेवायचं ते सांगत होत्या, जसं काही आमचंच घर बदलत होतं. कुलपाच्या दारापाशी त्या थांबल्या. आत एक आजी भिंतीशी बोलत होत्या. बाईंनी भाच्याचा दंड घट्ट धरला आणि विचारलं, इथे किती दिवस? सिस्टरांनी दार उघडलं आणि त्या आत गेल्या.

कपाट आतच ठेवू दिलं. काचा तेवढ्या काढायला लावल्या.

घरी आले तेव्हा ह्यांनी स्वयंपाक करून ठेवला होता.

९ मार्च

तळमजल्यावर बदली मागितली होती, ती मिळाली. आज तिसरा दिवस. काम जास्त आहे, माणसं धरून ठेवावी लागतात, कुणी चावतं, कुणी दिवसभर रडतं. आधी वाटलं होतं की बाई मला पाहून खूश होतील. त्या मला ओळखत नाहीत. "नवीन आहेस का?" असं रोज विचारतात, मी हो म्हणते.

संध्याकाळी बागेकडच्या खिडकीपाशी बसून नोंदी लिहीत होते. भिंतीशी बोलणाऱ्या आजी बाईंच्या शेजारी बसल्या होत्या, दोघींच्या पायांवर एकच शाल होती. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि काय लिहितेस म्हणून विचारलं. त्यांचाच परिच्छेद चालला होता. मी म्हटलं, इथल्या एका बाईंबद्दल. वाचून दाखव म्हणाल्या.

मी वाचलं. "बाई आज दिवसभर शांत होत्या. सकाळी दाराचं कुलूप एकदा हलवून पाहिलं, पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. दोन्ही वेळा जेवल्या. दुपारी कपाटातलं एक पुस्तक काढून शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. मध्येच ओळ हरवली की पुन्हा पानाच्या वरून सुरुवात केली, आजींनी तक्रार केली नाही. चालताना तोल गेला नाही. कुणाला घाबरल्या नाहीत."

डोळे मिटून त्या ऐकत होत्या.

"सगळं कळलं," त्या म्हणाल्या. "बरी आहे म्हणायची ती."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी शेजारच्या आजींच्या पायांवरून घसरलेली शाल वर ओढली आणि पुन्हा बागेकडे बघायला लागल्या.